'लय दुखतं' म्हणजे नेमकं काय होत नाही?

आम्ही मुंबईतल्या विक्रोळीहून बोलतोय. आमचे बचत गट पार्कसाईटच्या डोंगरावरच्या वस्तीत आहेत, काही खाली टागोरनगर आणि कन्नमवारनगरकडे. तुम्हाला वाटेल, मुंबईच्या बायकांचं आणि आमचं काय एक? पण आमच्या गटातल्या बायका साताऱ्याच्या, सांगलीच्या, रत्नागिरीच्या, जालन्याच्याच आहेत. माहेरी भात लावला, उसाच्या मोळ्या बांधल्या, लग्नानंतर इथे डोंगराच्या पायऱ्यांवरून हंडे चढवले आणि चार घरच्या फरश्या पुसल्या. कंबर तीच आहे.

गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एक प्रश्न हमखास निघतो. "माझी कंबर दहा वर्षं दुखतेय, गुडघे गेलेत, मला अपंगाचा दाखला मिळेल का? निराधारचा पगार चालू होईल का?" आज त्याच प्रश्नावर बोलू. उत्तर थोडं कडू आहे, पण आधीच सांगितलेलं बरं. दुखण्याला दाखला मिळत नाही. दुखण्यामुळे शरीराचं जे काम बंद पडलं किंवा कमी झालं, त्याला मिळतो. आणि तेही तपासून मोजता आलं तर.

आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा आहे, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या यादीत २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे. ही यादी वरपासून खालपर्यंत वाचली तरी 'जुनं दुखणं' असं तिच्यात कुठे सापडत नाही. मग कंबर-गुडघेवाल्या बाईने जायचं कोणत्या दारातून? बहुतेक वेळा हाडं, सांधे, स्नायू आणि हालचालीच्या दिव्यांगत्वाच्या दारातून, म्हणजे लोक ज्याला अस्थिव्यंग म्हणतात त्यातून. काही आजारांची नावं मात्र यादीत थेट आहेत. सिकलसेल आहे, हिमोफिलिया आहे, पार्किन्सन आहे. गडचिरोली, नंदुरबार, अमरावती, नागपूरकडच्या मैत्रिणींना सिकलसेलचं दुखणं काय असतं ते आम्ही सांगायला नको. तुमच्या घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर त्याला कंबरदुखीच्या रांगेत उभं करू नका, त्याचा अर्ज सिकलसेलच्या नावानेच जातो.

आता मोजणी. टक्के कसे धरायचे याचे नियम केंद्र सरकारने राजपत्रात छापले आहेत, २०१८ मध्ये, आणि मार्च २०२४ मध्ये त्यात सुधारणा झाली. मणक्याच्या दुखण्याबाबत या मोजणीचा रोख असा आहे: बाई दुखतं म्हणते, पण तपासणीत स्नायू आखडलेले लागत नाहीत, एक्स-रेच्या फोटोत काही दिसत नाही, तर टक्के शून्य. आखडलेपण कायमचं आहे, मणका वाकत नाही, फोटोतही झीज दिसते, मग टक्के सुरू होतात. पण नुसत्या मणक्याच्या दुखण्यावर आकडा ४० पर्यंत पोचणं अवघड जातं. आणि ४० हाच तर उंबरठा आहे. कायद्याच्या भाषेत त्याला 'लक्षणीय दिव्यांगत्व' म्हणतात, आणि पेन्शनपासून बऱ्याच सवलतींपर्यंत सगळं त्याच्या पलीकडे ठेवलेलं आहे.

हे ऐकून काही जणी म्हणतात, मग जाऊन काय उपयोग? थांबा. आमच्या एका काकींचं सांगतो. त्या पवईला चार घरी धुणीभांडी करायच्या. पहिल्यांदा तपासणीला गेल्या, कोणत्या दवाखान्यात ते राहू द्या. डॉक्टरांनी विचारलं, काय होतं? काकी म्हणाल्या, "कंबर दुखते, लय दुखते." स्वयंपाक करता? "करते." चालता? "चालते की." कामाला जाता? "जावंच लागतं." पाचेक मिनिटांत तपासणी संपली आणि हातात जो कागद आला त्यावर काहीच मिळण्यासारखं नव्हतं. काकी खोटं बोलल्या नव्हत्या. डॉक्टरांनीही जे ऐकलं तेच लिहिलं. पण काकी स्वयंपाक करतात म्हणजे काय करतात, हे त्या पाच मिनिटांत कोणाला कळलंच नाही. तीन भाकऱ्या झाल्या की ओट्याला हात टेकून उभ्या राहतात, पुढच्या मुलगी करते. चालतात म्हणजे नाक्यापर्यंत जाताना दोनदा दुकानाच्या पायरीवर बसतात. चारपैकी दोन घरं त्यांनी दिवाळीतच सोडली होती. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते तर त्यांनी आम्हालाही कधी सांगितलं नव्हतं. बैठकीत सहज बोलता बोलता निघालं, की डाव्या पायातली चप्पल चालताना निसटते आणि दहा पावलं गेल्यावर कळतं.

चप्पल निसटणं ही तक्रार करण्यासारखी गोष्ट आहे असं काकींना वाटलं नव्हतं. पण पाऊल उचलायची ताकद कमी होणं, पायाला स्पर्श न कळणं, हे नस दबल्याचं लक्षण असू शकतं आणि ते डॉक्टरला हाताने तपासता येतं, मोजता येतं. पुढच्या वेळी काकी ते सांगून गेल्या. हाडांच्या डॉक्टरांनी पाऊल वर-खाली करून ताकद बघितली, एमआरआय काढायला लावला, उपचार सुरू झाले. काही महिन्यांनी दुसऱ्यांदा तपासणी झाली तेव्हा मणका आणि पाय दोन्ही धरले गेले आणि आकडा चाळीसच्या पुढे गेला. दाखला तात्पुरता मिळाला, सुधारणा होऊ शकते म्हणून ठरावीक मुदतीचा. दुखणं पहिल्या वेळेला होतं तेवढंच दुसऱ्या वेळेला होतं.

इथे एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, दाखल्याशी तिचा संबंध नाही. कंबरदुखीबरोबर लघवीवरचा किंवा शौचावरचा ताबा सुटला, किंवा बसायच्या जागेला, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, तर वही-बिही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. तिथे उशीर चालत नाही.

तर वही. आपण बचत गटाच्या बायका, पाच रुपयांचा दंडसुद्धा वहीत लिहितो. कोणी किती भरले, कोणाचं किती थकलं, व्याज किती, सगळं तारखेसकट. शरीराचा हिशेब मात्र कुठे लिहिलेला नसतो. आमच्या गटांत आता दुखणं असलेल्या बाईची वेगळी वही असते. शंभर पानी साधी वही. जिला लिहिता येत नाही तिची मुलगी लिहिते, नाहीतर बैठकीत सचिव लिहून घेते. रोज पानभर लिहायची गरज नाही, तीन-चार ओळी पुरतात. एका ताईच्या वहीतली एक नोंद त्यांच्या परवानगीने वाचतो:

"मंगळवार. सकाळी ७ ला गोळी. नळावरून कळशी आणली, हंडा नाही. पायऱ्या चढताना दोनदा बसले. कपडे भिजवले पण पिळता आले नाहीत, जाऊबाईंनी पिळले. दुपारी दीड तास आडवी. रात्री कुशीवर वळताना दोनदा जाग."

या पाच-सहा ओळींत 'लय दुखतं' हे शब्द एकदाही नाहीत. पण वाचणाऱ्याला कळतं. काय लिहायचं, तर किती वेळ उभं राहता येतं, किती वेळ बसता येतं, किती अंतर चालल्यावर थांबावं लागतं. अंतर मीटरमध्ये कोणाला येतं? घरापासून नळापर्यंत, देवळापर्यंत, विजेच्या किती खांबांपर्यंत, असं लिहा. वजन लिहिणं सोपं आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दहा लिटरची कळशी उचलता येत असेल तर दहा किलो आणि वर भांड्याचं. पूर्वी डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी असायची आणि आता पाच लिटरचा कॅन दोन हातांनी उचलता, तर पूर्वीचं आणि आताचं दोन्ही लिहा. भाताच्या चिखलात वाकून किती वेळ राहता येतं, कापसाची ओटी पोटाला बांधून किती तास वेचता येतं, जळणाची मोळी आणणं कधी बंद झालं. शेतातल्या बाईकडे मोजायला पुष्कळ असतं.

मदत कोण करतं, हे लिहायला बायका सगळ्यात जास्त विसरतात. सून वेणी घालून देते, कारण हात डोक्यामागे जात नाही. मुलगा संडासापर्यंत सोडतो. नवरा गादी घालतो आणि काढतो. घरातल्या माणसांनी हळूहळू ही कामं उचललेली असतात, कोणी ठरवून नाही, म्हणून लक्षातच येत नाही की अमुक काम आपल्याकडून गेलंय. एक युक्ती करा. मागच्या पाच वर्षांत तुम्ही काय काय करायचं सोडलं ते घरातल्या दुसऱ्या बाईला विचारा. ती तुमच्यापेक्षा लांब यादी सांगेल.

लाजेच्या गोष्टी राहतात त्याही लिहायच्या. आमच्या वस्तीत सार्वजनिक संडास आहे, उकिडवं बसायचा. गुडघा वाकत नाही म्हणून कितीतरी बायका दिवसभर पाणी कमी पितात, की जावंच लागू नये. कोणी मुलीला बरोबर नेते, उठताना हात द्यायला. पाळीच्या दिवसांत कपडे धुता येत नाहीत. नवऱ्याशी संबंध ठेवताना कळ येते आणि बोलता येत नाही. हे सगळं डॉक्टरला मोठ्याने सांगायला जड जातं, मग वहीतून उतरवून चिठ्ठी पुढे करायची. उकिडवं बसता न येणं ही तर गुडघ्याच्या आणि खुब्याच्या तपासणीत डॉक्टर स्वतःच विचारतात अशी गोष्ट आहे.

आणखी एक. 'करते' आणि 'करते, पण' यांतला फरक. आपल्या बायकांना 'होत नाही' म्हणायची सवयच नाही. सासूने विचारलं तरी 'होतंय की', डॉक्टरने विचारलं तरी 'होतंय की'. काम होतं, पण दुप्पट वेळ लागतो. काम होतं, पण नंतर दोन तास पडून राहावं लागतं. आज होतं, पण सलग दुसऱ्या दिवशी होत नाही. महिन्यातले वीस दिवस होतं, दहा दिवस अंथरूण सुटत नाही. हे 'पण'च्या पुढचं वाक्य वहीत आलं पाहिजे. चांगला दिवस गेला तर तोही लिहा. ज्या वहीत तीसच्या तीस दिवस वाईट आहेत तिच्यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, आमचाही नाही.

दुखण्याचे शब्दही जपून वापरा, कारण आपल्या भाषेत ते पुष्कळ आहेत. ठणकतं, सलतं, चमक येते, कळ येते, उसण भरते, आखडतं, मुंग्या येतात, बधिर होतं, आग होते. आपल्या आज्यांना यांतला प्रत्येक वेगळा कळायचा. दवाखान्यात गेलो की आपण हे शब्द घरी ठेवून जातो. पण डॉक्टरला त्यातूनच वाट सापडते. कंबरेतून चमक निघून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत जाते आणि पायाच्या अंगठ्याला मुंग्या येतात, तर नसेकडे बघायला हवं. सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटं तासभर आखडलेली, मूठ वळत नाही, भाकरी थापता येत नाही, मग दिवस चढला की सुटतात, तर आमवाताची शंका येते, आणि त्यावर वेळेत औषध मिळालं तर सांधे वाकडे होण्यापासून वाचवता येतात. जिना उतरताना आणि खाली बसून उठताना गुडघा कडकडतो, तर बहुतेक झीज. दाखल्यासाठी म्हणून गेलेल्या दोघी-तिघी आमच्याकडे अशाच उपचारांना लागल्या. तो फायदा टक्क्यांपेक्षा मोठाच.

आता नीट ऐका. वही एकटी कामाची नाही. तपासणी करणारे डॉक्टर तुमच्या वहीवरून टक्के देत नाहीत, ते शरीर तपासून देतात आणि डॉक्टरांनी लिहिलेले कागद बघतात. म्हणून वहीतलं डॉक्टरच्या केसपेपरवर गेलं पाहिजे. सगळी मेख इथे आहे. आपल्या बायका दहा वर्षं दुखणं काढतात, पण दहा वर्षांचा एक कागद नसतो, कारण मेडिकलमधून गोळी आणली, बाम चोळला, गरम विटेने शेकलं. मेडिकलवाला केसपेपर देत नाही. सरकारच्या लेखी ती बाई कधी आजारीच नव्हती.

तेव्हा अर्ज करायच्या आधी सहा महिने तरी सरकारी दवाखान्याच्या हाडांच्या विभागात नियमित जा. आमच्या बायका घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात जातात, तुमच्याकडे ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, सिव्हिल असेल. जाताना वही नेऊ नका, गर्दीत दहा पानं कोण वाचणार? वहीतून अर्धं पान काढा: कुठे दुखतं, केव्हापासून, कोणती चार कामं होत नाहीत, काय घेतलं तर किती वेळ बरं वाटतं. आणि नम्रपणे म्हणा, "डॉक्टर, पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही, एवढं केसपेपरवर लिहाल का?" काही डॉक्टर लिहितात, काही नाही. पुढच्या वेळी परत म्हणायचं. फिजिओथेरपी सांगितली तर ती टाळू नका. एकतर तिने बरं वाटतं. दुसरं म्हणजे गुडघा किती अंशांत वाकतो, खांदा किती वर जातो, याची नोंद फिजिओथेरपिस्ट आकड्यात करतात. दुखण्याच्या बाबतीत आकडा मिळण्याच्या फार थोड्या जागा आहेत, त्यातली ही एक.

कागद सांभाळायचं आम्हाला डोंगरावर राहून शिकावं लागलं. पावसाळ्यात पत्र्यातून गळतं, भिंतीला ओल येते. सगळे केसपेपर तारखेप्रमाणे लावून जाड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी खिळ्याला. एक्स-रेची घडी घालायची नाही. प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो काढून दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाईलवरही पाठवून ठेवायचा.

अर्ज आता केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो, २०२१ पासून दाखला ऑनलाईनच देणं सक्तीचं आहे. सेतू केंद्रातून भरता येतो. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा लागतो. मुंबईत आलेल्या बायकांची एक अडचण असते, आधारवर पत्ता गावचा. नियमाप्रमाणे पत्त्याच्या पुराव्यावर जो जिल्हा आहे तिथे अर्ज करता येतो, किंवा ज्या सरकारी दवाखान्यात या आजाराचे उपचार चालू आहेत किंवा झाले आहेत तिथेही करता येतो. हे लक्षात ठेवा, कारण खिडकीवर हे दुसरं कोणी आपणहून सांगत नाही. बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत तपासणीचा वार बुधवार असतो, पण आधी विचारून जा, फेरा फुकट जायला नको. आणि दलालाला एक रुपया देऊ नका. खोटेपणाने दिव्यांगांचा लाभ घेणाऱ्याला याच कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. दलाल त्या वेळी दिसत नाही.

तपासणीच्या दिवशी सैल परकर-साडी किंवा सैल सलवार घाला, गुडघा वर मोकळा करता आला पाहिजे. घरी काठी वापरत असाल तर काठी घेऊन जा, वापरत नसाल तर शेजारणीची मागून नेऊ नका. ते बघता क्षणी कळतं. सकाळची गोळी घेतली असेल तर "आज गोळी घेऊन आलेय" हे आधीच सांगा, नाहीतर डॉक्टर गोळीच्या जोरावर चाललेली बाई बघतात. डॉक्टर झोपवून पाय सरळ वर उचलतील, कुठे कळ येते ते विचारतील, गुडघा-खुबा किती वाकतो ते मोजतील, अंगठा दाबून ताकद बघतील, स्पर्श कळतो का बघतील. जिथे दुखतं तिथे सांगा, दात खाऊन सोसू नका, आणि नसेल तिथे ओरडूही नका. दुसऱ्या सांध्यांचंही सांगा. कंबरेसाठी गेलेली बाई हाताच्या बोटांचं सांगत नाही. दोन ठिकाणचे टक्के सरळ बेरजेने नाही तर एका सूत्राने एकत्र करतात, पण जे सांगितलंच नाही ते कुठल्याच सूत्रात येणार नाही.

दाखल्याबरोबर ओळखपत्र येतं, त्याचे तीन रंग. ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळं, ८० आणि वर निळं. पांढरं आलं किंवा अर्जच नाकारला, तर काय? नाकारल्याचं कारण लेखी मागायचं, तो तुमचा हक्क आहे. निर्णय पटला नाही तर ९० दिवसांच्या आत अपील करता येतं. त्या वेळी वही खरी उपयोगी पडते, पहिल्या तपासणीत काय बघायचं राहिलं ते तिच्यातून दाखवता येतं. दुखणं पुढे वाढलं तर नवे कागद घेऊन पुन्हा तपासणी मागता येते. पण आमच्या सगळ्याच बायकांना पिवळं कार्ड मिळालं असं समजू नका. एका मावशींची दोन वर्षांची फाईल चोख होती, तरी आकडा चाळीसच्या खालीच राहिला, अपिलातही. फोटोत फार काही दिसत नाही आणि दुखणं मात्र अंगभर आहे, अशा बाईला आजच्या मोजणीत जागा नाही.

हे आम्हाला अन्यायाचं वाटतं, आणि आम्हालाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्येच मांडलं की दिव्यांगत्व नुसतं शरीरात नसतं, शरीर आणि भोवतालची परिस्थिती यांच्या मध्ये असतं. आपल्या २०१६ च्या कायद्याची व्याख्याही तसंच म्हणते, अडथळ्यांचा उल्लेख तिच्यात आहे. पण टक्के मोजताना गुडघा मोजतात, डोंगराच्या पायऱ्या कोणी मोजत नाही. तोच गुडघा सपाट गावात, घरात नळ असलेल्या बाईला एवढा अडवणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या खटल्यात नुसत्या टक्क्यांवर न जाता माणूस काय करू शकतो ते तपासायला सांगितलं. तो खटला डॉक्टरकीच्या प्रवेशाचा होता, पेन्शनचा नाही. त्याआधी फेब्रुवारी २०२१ मध्ये, लिहिताना हात आखडण्याचा आजार असलेल्या एका परीक्षार्थीला ४० टक्क्यांची अट न लावता लेखनिक द्यायला हवा, असा निकाल याच न्यायालयाने दिला. म्हणजे पांढऱ्या कार्डाच्या बाईलाही कामाच्या जागी सोय मागता येते, हलकं काम, बसायला स्टूल. पगार मिळणार नाही, पण मागणं खोटं ठरत नाही.

आता पैशाचं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व, वय ६५ च्या आत, दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५०,००० च्या आत आणि महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. अर्ज तहसील कार्यालयात. रक्कम २०२३ पासून महिना १,५०० होती, २०२५ मध्ये सरकारने दिव्यांगांसाठी ती २,५०० केली. मुलाच्या पगारामुळे उत्पन्नाचा दाखला अडकतो, हे आमच्याकडे दाखल्याच्या टक्क्यांइतकंच घडतं, तेव्हा आधी तलाठ्याकडे जाऊन उत्पन्नाचं बघा, मग पुढचे फेरे. लाडकी बहीणचे पैसे चालू असलेल्या बायका विचारतात, दोन्ही मिळेल का? नाही, दोन्ही एकत्र मिळत नाही. निराधारचं मंजूर झालं की ते बंद होतात, आणि मध्ये एखाददोन महिन्यांची गडबड होऊ शकते, त्याची घरखर्चात तयारी ठेवा.

आणि ग्रामपंचायतीच्या बायकांनो, तुमच्यासाठी एक गोष्ट. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते किती जमले, कोणाला दिले, यादीत तुमच्या गावातल्या किती बायका आहेत, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा आणि विचारल्याची नोंद इतिवृत्तात घ्यायला लावा.